एकदाच बघायचा हिरा

माझी बहीण फोनवर इकडचं तिकडचं बोलत बसत नाही, एकदम मुद्द्यावर येते. त्या सकाळीही तिने एवढंच सांगितलं की खारूला लग्नाच्या अंगठीसाठी हिरा घ्यायचाय, मोठा आणि जरा वेगळ्या आकाराचा, आणि मी सोबत जायचं. मी म्हटलं, मला हिऱ्यातलं काय कळतं. त्यावर ती म्हणाली, "हिऱ्यातलं नाही कळत, पण उजेडातलं कळतं ना? चौतीस वर्षं पोरांना तेच शिकवलंस. तिला कुणी गंडवू नये, एवढं बघ."

खारू म्हणजे तिची एकुलती एक मुलगी, माझी भाची. लहानपणी खोडरबराचे तुकडे गालात साठवून ठेवायची, म्हणून मीच ते नाव पाडलं. आता ती अठ्ठावीस वर्षांची आहे आणि इमारतींचे नकाशे काढते. ती पाचवीत असताना तिचे वडील गेले. तेव्हापासून कॉलेज असो की पहिली स्कूटर, तिच्या आयुष्यातल्या प्रत्येक मोठ्या गोष्टीवर मामाचा शेरा लागतो. होणाऱ्या नवऱ्याने तिला सांगून टाकलं होतं, हिरा तुझ्या पसंतीचा, मी फक्त बोटात घालणार. पण मामाने हो म्हटल्याशिवाय ती घेणार नव्हती, आणि हे मला ठाऊक होतं.

हिऱ्यांचा व्यापारी नवऱ्यामुलाच्या वडिलांच्या ओळखीचा होता. त्याची खोली एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. पहिलं दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत फिकट राखाडी भिंती, उत्तरेकडे मोठी खिडकी, तिच्यासमोर पांढऱ्या पृष्ठभागाचं टेबल, त्यावर भिंग, चिमटा आणि काचेच्या पेटीतला नाजूक काटा. बाजूच्या लहान खोलीत अंगठ्या घडवणारा कारागीर बसायचा. त्याच्या कानशीचा बारीक आवाज मधूनमधून यायचा. व्यापारी पन्नाशीचा, सडपातळ, चालताना जराही आवाज न करणारा. तो हिऱ्यांच्या प्रतीचे दाखले आणायला आत गेला तेवढ्यात खारूने त्याचं नाव मांजरपाऊल ठेवूनही टाकलं.

त्याने कागदाच्या घड्या घातलेल्या पाच पुड्या उलगडल्या. एक हिरा थेंबाच्या आकाराचा, एक लंबगोल, एक उशीसारखा, एक चौकोनी, एक बदामाच्या आकाराचा. खारू एकेकावर वाकून बघू लागली. लंबगोल हिऱ्यावर ती थांबली आणि तिने विचारलं की याच्या मधोमध काळं काय आहे. मी बघितलं. दोन काळे त्रिकोण, टोकाला टोक लावून, पंख मिटत आलेल्या फुलपाखरासारखे.

हे मात्र मला येत होतं. मी तिला सांगितलं की हिरा वरून आलेला उजेड आत घेतो, तो आतल्या पैलूंवर आपटून परत वर येतो. पण वर आपण वाकलेलो असतो. आपल्या डोक्याने जेवढा उजेड अडतो, तेवढी जागा हिऱ्यात काळी दिसते. लांबट आकारांत ती मधोमध गोळा होते. म्हणजे तो डाग हिऱ्याचा नाही, बघणाऱ्याचा आहे. डोकं हलव, तोही हलेल.

तिने डोकं हलवून बघितलं. "म्हणजे माझं डोकं मधे येतंय. आई रोज हेच म्हणते."

व्यापारी हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "सर, हे फार कमी गिऱ्हाइकांना माहीत असतं."

तेवढ्यात खारूचं लक्ष सहाव्या पुडीकडे गेलं. पुड्यांच्या लाकडी पेटीत ती अगदी मागे, उलटी खोचलेली होती. त्यात काय आहे असं तिने विचारलं. व्यापाऱ्याने आधी ऐकलंच नाही असं दाखवलं. तिने पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "तो परत आलेला आहे."

"कुणी परत केला?" मी विचारलं.

"नवऱ्याने."

"बायकोला आवडला नाही वाटतं."

"आवडला होता," तो म्हणाला आणि पुडी काढली.

उघडताना त्याने डाव्या हातात एक कोरं कार्ड धरलं होतं, आपले डोळे आणि हिरा यांच्या मधे. ते मी लगेच हेरलं. कार्डाच्या आडून चाचपत, सवयीने, त्याने चिमट्याने हिरा उचलला आणि टेबलावर ठेवला. होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता, पाच कॅरटांच्या वरचा. इतका वेळ बघितलेले पाच हिरे त्याच्यापुढे काचेचे वाटू लागले.  खारू वाकली. मीही तिच्या खांद्यावरून वाकलो. मधोमध तो काळा डाग होताच, पण रेखीव, शाईने काढल्यासारखा.

"एकदाच बघा," व्यापारी म्हणाला. "आवडला तर घ्या, नाही तर सोडा. पुन्हा पुन्हा बघू नका."

मी कारण विचारलं. तो म्हणाला, डोळा थकतो. मी म्हटलं, माझा थकत नाही. मी भिंग उचललं तेव्हा त्याने मला अडवलं नाही; खारूने हात पुढे केला तसं मात्र त्याने कार्ड हिऱ्यावर झाकण टाकावं तसं टाकलं. म्हणाला, सरांनी हवं तितकं बघावं. ज्याच्या बोटात जाणार त्याने अंगठी तयार होईपर्यंत बघू नये, ही त्याच्याकडची पद्धत आहे.

आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने पसंत करायचा एक हिरा, मग बघायचं नाही, आणि कोंदणात बसून येणार दुसराच. कडेवर दाखल्याचा नंबर कोरलेला असतो म्हणे, पण एका दगडावर कोरता येतो तो दुसऱ्यावरही येतो. चौतीस वर्षांत कॉप्या करणारी पोरं मी कमी बघितलेली नाहीत. जिथे झाकतात, तिथेच चिठ्ठी असते.

मी शांतपणे सांगितलं की हिरा आम्ही तीन दिवस घरी नेऊ. या धंद्यात जांगड म्हणून प्रकार असतो, पसंत पडला तर ठेवायचा, नाही तर परत आणायचा, हे मला ठाऊक होतं. ओळखही मोठी होती, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. त्याने माझी सही घेतली. पुडी माझ्या हातात देताना ती लगेच सोडली नाही.

"मॅडमना दाखवू नका, सर."

जिना उतरताना खारू म्हणाली, "मामा, तुझा चेहरा पेपर फुटल्यासारखा झालाय." मी तिला माझा संशय सांगितला. तिला तो पटला. मग मी उपायही सांगितला, आणि तो माझ्यासारख्यालाच सुचला असता: हा हिरा तू पाठ करायचा. नकाशा पाठ करतात तसा. म्हणजे त्याने बदलला तर एका नजरेत कळेल.

बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलाशी दक्षिणेची खिडकी आहे. दिवसभर तिथे भरपूर ऊन. मी एक वही आखली. एक रकाना वेळेचा, एक आतल्या खुणांचा, एक मधल्या काळ्या डागाचा. एका निरीक्षणावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी दहा वर्षांच्या मुलांनाही सांगत आलो. खारूने नकाशे काढायच्या पेन्सिलीने मोठा आराखडा काढला. एका टोकाजवळ टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका, दुसऱ्या बाजूला केसासारखी आडवी रेघ. दर वेळी तिने आधी भिंगातून नीट बघायचं, मग बिनभिंगाने वरून वाकून, आणि सांगायचं. मी लिहायचो. नंतर मी बघून माझं लिहायचो. बहीण भाजी निवडता निवडता म्हणाली, पोरीचं लग्न आहे की वार्षिक परीक्षा.

पहिल्या दिवशी बारा नोंदी झाल्या. डागाच्या रकान्यात दोघांचंही 'गडद'.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने 'जरा कमी' सांगितलं. दुपारपर्यंत 'फिकट'. माझ्या बाजूला गडदच. मी म्हटलं, कंटाळून काहीतरी ठोकून देऊ नकोस. तिने शपथ घेतली. मी बहिणीला बोलावून बघायला लावलं. तिला काळा डाग पहिल्याच झटक्यात दिसला, वर हेही म्हणाली की एवढ्या महागाच्या वस्तूत कसला मेला डाग. मी खारूची जागा बदलली, खुर्ची बदलली, पडदा ओढला, उघडला. तिचं 'फिकट' हलेना.

संध्याकाळी ती म्हणाली, "मामा, आता काहीच नाही. आरपार स्वच्छ आहे. इतका सुंदर मला आजवर दिसलाच नव्हता."

मी तेही लिहिलं. मनाशी म्हटलं, व्यापाऱ्याने हिऱ्यावर काहीतरी लावलंय, ते हळूहळू उडतंय. पण मग मला कसं दिसत राहतं?  आपल्याला उत्तर सुचत नाही तेव्हा निरीक्षणं वाढवायची.

तिसऱ्या दिवशी अजून निरीक्षणं घेतली. एकूण तिची एकतीस.

त्या दिवशी दुपारी खिडकीसमोर फरशीवर बहिणीचं मांजर उन्हात पसरलं होतं. ते मोठं तुसडं आहे. कुणी त्याच्या उन्हात उभं राहिलं की गुरगुरून उठतं आणि दुसरीकडे जातं. खारू त्याच्या आणि खिडकीच्या मधे उभी राहून फोनवर बोलत होती. बराच वेळ. मांजर हललं नाही. झोपेतच त्याने पाय ताणले आणि पोट वर केलं, ऊन पोटभर घ्यावं तसं. मला ते विचित्र वाटलं, पण वय झालं असेल म्हणून मी सोडून दिलं.

मग ती आराखड्यावर शेवटचा हात फिरवायला टेबलाशी बसली. खिडकी तिच्या पाठीशी. कागद पांढरा, डोळ्यांना खुपेल इतका पांढरा. मी म्हटलं, भिंतीवरून उजेड परत येत असेल.

तिने पेन्सिल धरली होती.

कागदावर पेन्सिलीची सावली पडली होती. बारीक, सरळ, टोकापर्यंत स्पष्ट. ती सावली तिच्या लिहिण्याबरोबर पुढे मागे होत होती.

पेन्सिल धरणाऱ्या हाताची मात्र नव्हती.

मी माझा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. माझी पाच बोटं कागदावर काळी उमटली. शेजारी पेन्सिल एकटीच चालली होती.

"काय रे मामा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, रेघ छान आलीय. मग मी वही उघडली आणि तिचा रकाना वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. गडद, गडद, जरा कमी, फिकट, फिकट, नाही, नाही, नाही. सुरुवातीलाच बघणं थांबवलं असतं तर तो रकाना 'गडद'वरच संपला असता. व्यापाऱ्याने तेवढंच सांगितलं होतं, आणि मी तिला एकतीस वेळा वाकायला लावलं होतं.

तासाभरात आम्ही त्याच्या खोलीत होतो. तिला मी इतकंच सांगितलं की हिरा पसंत नाही, परत करायचा. ती हिरमुसली, पण मामाचा शेरा होता. व्यापाऱ्याने पुडीकडे पाहिलंच नाही. तो खारूकडे, आणि मग ती उभी होती तिथल्या फरशीकडे बघत राहिला. खिडकीतून आलेला उजेड फरशीवर अखंड पडला होता.

तिला बाजूच्या खोलीत कारागिराचं काम बघायला पाठवून त्याने दार लोटून घेतलं.

"किती वेळा बघितला त्यांनी?"

मी आकडा सांगितला. तो खुर्चीत बसला.

"मी परत घेऊ शकत नाही, सर."

मी चिडलो. पोलिसांत जाईन म्हटलं, ओळख काढली, वही त्याच्यापुढे आपटली. हिऱ्यात काय आहे, आधीच्या बाईचं काय झालं, तिच्या नवऱ्याने हिरा परत का आणला, हे मी पुन्हा पुन्हा विचारलं.  मला वाटतं, बऱ्याच गोष्टी त्यालाही माहीत नव्हत्या. शेवटी तो इतकंच म्हणाला, "त्या नवऱ्याने परत आणला, ती चूक होती. तुम्ही करू नका. आता तो मॅडमपासून लांब नेऊ नका."

माझा विश्वास बसला नाही. हाही विकायचाच एक डाव, असं मी अजून धरून होतो. पुडी टेबलावर तशीच टाकून मी खारूला घेऊन बाहेर पडलो.

पहिल्या मजल्यावर ती म्हणाली, "मामा, आपण कुणाकडे आलो होतो?"

मी म्हटलं, हिरेवाल्याकडे.

चार पायऱ्यांनंतर तिने तेच विचारलं, त्याच स्वरात. मी तेच उत्तर दिलं. खालच्या वळणावर तिने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. ती गोंधळलेली दिसत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. फळ्यावरचं पुसताना शेवटी जे राखाडी उरतं, तसा तो चेहरा होता.

मी तिचा हात धरला. हात माझ्या हातात होता. त्याला वजन नव्हतं.

मी तिला तिथेच पायरीवर बसवलं आणि वर धावलो. माझे गुडघे या वयात असे चालतात हे मला माहीत नव्हतं. व्यापारी पुडी हातात घेऊन दारातच उभा होता. मी ती घेतली आणि उतरलो. मी पाच पायऱ्या वर असताना तिने मान वळवली.

"मामा, असा काय पळतोयस? पडशील ना." मग माझ्या मुठीतली पुडी पाहून तिचा चेहरा फुलला. "घ्यायचा ठरला?"

मी हो म्हटलं.

अंगठी त्याच दिवशी घडवली. कारागीर बाजूच्या खोलीत कोंदण बसवत होता, आणि ती हाताच्या अंतरावर बसून त्याला सोन्याबद्दल शंभर प्रश्न विचारत होती. व्यापारी खिडकीकडे तोंड करून उभा होता. बोटात घातली तेव्हा अंगठी थोडी सैल झाली. मी कारागिराला ती घट्ट करायला सांगितली. जरा जास्तच घट्ट.

लग्न झालं. खारू मजेत आहे. जावई मुलगा चांगला आहे, तिला हसवतो. अंगठी चोवीस तास बोटात ठेवायची, असं मी तिला सांगून ठेवलंय. हिरा हरवला तर मामा पुन्हा परीक्षा घेईल, असं गमतीत. दोघांचे फोटो काढायची वेळ आली की मी म्हणतो, आत या, बाहेर ऊन फार आहे.

परवा ती माहेरी आली होती. हात धुवायला तिने अंगठी काढली आणि जेवणाच्या टेबलावर बशीत ठेवली. बोट बारीक झालंय म्हणाली, आता सहज निघते. मग ओट्याशी उभी राहून आईला नव्या घराच्या खिडक्यांबद्दल सांगू लागली. टेबल आणि ओटा यांत तीन पावलांचं अंतर. मी एकटाच टेबलाशी होतो. त्या तिसऱ्या दिवसानंतर मी हिऱ्यात पाहिलं नव्हतं.

मी वाकलो. मधोमध माझ्या डोक्याचा काळा डाग आला. त्याला लागूनच दुसरा होता, लहान, किंचित तिरका, माझ्या शेजारी बसून कुणीतरी वाकून बघावं तसा. मी डोकं मागे घेतलं. माझा डाग गेला. दुसरा तिथेच वाकून राहिला.

नीट दिसावं म्हणून मी बशी माझ्याकडे ओढली.

"पण पूर्वेच्या खिडकीला पडदा लावला ना, तर सकाळी," खारू म्हणत होती, आणि थांबली. बहीण पाठमोरी होती, तिने वाट पाहिली, मग विचारलं, तर काय. ओट्यापाशी अगदी शांत होतं. नळाचं पाणी तेवढं वाहत होतं.

मी बशी एक वीत पुढे सरकवली.

"उजेडच येणार नाही," खारू म्हणाली.